एका सरोवरापुरता मासा : विवर-सरोवरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कॅमेरूनच्या नैर्ऋत्य भागात कुंबा नावाचे शहर आहे. शहरापासून थोड्याच अंतरावर, रानाने झाकलेल्या टेकड्यांच्या कड्याआत, बारोम्बी म्बो हे जवळजवळ गोल आकाराचे सरोवर आहे. व्यास सुमारे अडीच किलोमीटर, खोली सुमारे ११० मीटर. या पाण्यात पुंगू नावाचा मासा राहतो. लांबीला तो वीतभरही भरत नाही आणि दिसायला साधा आहे. पण त्याचा जबडा भक्कम आहे आणि दात जाड आहेत, कारण त्याच्या खाण्यात गोड्या पाण्यातला स्पंज असतो. स्पंजाचे अंग काचेसारख्या सूक्ष्म काट्यांनी भरलेले असते आणि ते पचवणारे मासे फार थोडे. पुंगू मॅक्लारेनी हे त्याचे शास्त्रीय नाव. बारोम्बी म्बोखेरीज पृथ्वीच्या पाठीवर तो दुसरीकडे कोठेही नाही, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

या एका माशापासून आरंभ करून विवर-सरोवरांतील माशांच्या अभ्यासाची ओळख करून देणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला, मासेमारीशी संबंध असलेल्या माणसाला आणि केवळ कुतूहलाने वाचणाऱ्यालाही या विषयात यायला कोणतीही आडकाठी नाही. पूर्वतयारी म्हणून फार काही लागत नाही. एकच गोष्ट प्रथमपासून ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. विवर-सरोवर लहान असते. त्या लहानपणामुळेच समुद्रात किंवा महानदीत सुटणार नाहीत असे प्रश्न इथे सुटू शकतात, आणि त्या लहानपणामुळेच इथले नुकसान अर्धवट राहत नाही, ते पूर्ण होते. या विषयाचे आकर्षण आणि या विषयाची काळजी ही दोन्ही एकाच कारणातून येतात.

पुंगू ज्या कुलातला आहे त्या सिक्लिड कुलाची मराठी वाचकाला ओळख आहेच, फक्त नावानिशी नसेल. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या खाड्यांत मिळणारे कालुंदर हे सिक्लिड आहे. भारतात या कुलाचे मूळचे मासे मोजून तीन, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातलग सापडतात ते मादागास्करमध्ये. उजनीच्या जलाशयापासून गावतळ्यांपर्यंत पसरलेली चिलापी हीदेखील सिक्लिडच. ती मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती प्रथम भारतात आणली गेली आणि नंतर तिने आपल्या पाण्यांत कायमचे ठाण मांडले. पुंगू हा चिलापीच्या जवळच्या गोतावळ्यातला मासा आहे. एकाच गोतावळ्यातली एक प्रजाती माणसाने जगभर नेली, ती कोणत्याही पाण्यात तगते; दुसरी एका सरोवराबाहेर कधी गेलीच नाही. जगातील वर्णन झालेल्या सिक्लिड प्रजातींची संख्या दीड हजाराच्या पुढे आहे आणि त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेच्या सरोवरांत आहेत. व्हिक्टोरिया, मलावी आणि टांगानिका या तीन महासरोवरांची कीर्ती मोठी आहे. पण ज्याला प्रजाती घडण्याची प्रक्रिया मुळापासून समजून घ्यायची आहे, त्याने आधी लहान सरोवरांकडे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लहान सरोवराचा पहिला गुण म्हणजे त्याची हद्द स्पष्ट असते. बारोम्बी म्बो ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या विवरात साठले. तप्त शिलारस आणि भूजल यांची गाठ पडली की असा स्फोट होतो, जमिनीला खोल खड्डा पडतो आणि कालांतराने त्यात पाणी भरते. आपल्या लोणारचे विवर उल्कापाताने झाले, बारोम्बी म्बोचे जमिनीच्या पोटातील उष्णतेने. पण चहूबाजूंनी उंच कडा, आत उतार आणि मधोमध पाणी हे रूप दोन्हीकडे सारखे. लोणारचे पाणी तीव्र क्षारयुक्त, तर बारोम्बी म्बोचे गोडे. त्याचे वय किती याबद्दल काही लाख वर्षांपासून दहा लाख वर्षांपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत. एक ओढा या सरोवरातून बाहेर वाहतो, आणि आजच्या माशांचे पूर्वज कधीकाळी आसपासच्या नद्यांतूनच इथे आले असले पाहिजेत. आत आल्यावर त्यांना मिळाली ती एकसंध, वाटीसारखी जागा. तळात उंचवटे नाहीत, वेगळे कप्पे नाहीत, पाणी आटल्यावर दोन तळी व्हावीत अशी रचना नाही. ही साधी भौगोलिक गोष्ट पुढे सबंध वादाचा आधार ठरली.

सरोवराची दुसरी बाजू खोलीची आहे. वरच्या थरातील पाणी उबदार, प्रकाशमान आणि प्राणवायूने युक्त असते. साधारण वीस मीटरच्या खाली प्राणवायू झपाट्याने कमी होतो आणि त्याहून खाली तर माशांना जगणे अशक्य होते. म्हणजे ११० मीटर खोलीचे हे सरोवर माशांच्या दृष्टीने वरच्या एका पातळ थरापुरतेच आहे. जगण्याजोगी जागा नकाशावर दिसते त्याहूनही थोडी आहे, हे धोक्यांचा विचार करताना पुन्हा आठवावे लागेल.

एवढ्याशा जागेत सिक्लिड माशांच्या अकरा प्रजाती आहेत, आणि अकराही फक्त इथल्याच. सरोवरात एकूण पंधरा प्रकारचे मासे आहेत. त्यांपैकी बारा प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न सापडणारे. बारावा एक मागूरवर्गीय मासा आहे. अकरा सिक्लिडांनी खाणे आणि जागा कशी वाटून घेतली आहे हे पाहिले की या सरोवराचे खरे वैभव कळते. पुंगूच्या वाट्याला स्पंज. मियाका हा छोटा मासा उघड्या पाण्यात प्लवकांवर जगतो. स्टोमाटेपिया गटातील तीन प्रजाती, मारिये, मोंगो आणि पिंडू, शिकारी आहेत. कीटक, लहान मासे यांच्यावर त्यांची गुजराण. सारोथेरोडॉन गटातील चार प्रजातींपैकी काही प्लवक गाळून खातात, काही दगडावरचे शेवाळ खरवडतात, तर एक तळाची माती तोंडात घेऊन चाळते. कोनिया आयझेनट्राउटी काठाजवळ राहते आणि संधी मिळाल्यास शेजाऱ्यांची अंडीही खाते. यांतील अनेक प्रजातींमध्ये पालक अंडी तोंडात बाळगतात आणि पिल्लेही काही काळ तिथेच सुरक्षित ठेवतात. त्यामुळे अंडी चोरणाऱ्यालाही स्वतःचे कसब घडवावे लागते.

यांत सर्वांत विस्मयकारक प्रजाती म्हणावी ती कोनिया डिकुमे. ती प्राणवायूच्या सीमेवर राहते. खोल, प्राणवायूविरहित पाण्यात डासासारख्या एका कीटकाच्या अळ्या दिवसा लपून बसतात. तिथे मासे पोहोचत नाहीत म्हणून त्या निर्धास्त असतात. डिकुमे मात्र तिथे बुडी मारून त्यांना गाठते. १९७० च्या दशकाच्या आरंभी या सरोवरातील माशांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा डिकुमेच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. वर श्वास भरून घ्यायचा, रक्तात प्राणवायूचा साठा करायचा, खाली जाऊन अळ्या खायच्या आणि साठा संपण्याआधी परतायचे, असा तिचा उद्योग आहे. अलीकडच्या संशोधनात या माशांच्या डोळ्यांचाही अभ्यास झाला असून खोलवर राहणाऱ्या आणि काठाशी राहणाऱ्या प्रजातींच्या प्रकाशग्राही प्रथिनांत फरक दिसून आले आहेत. एका सरोवराच्या काठावर बसून रक्त, डोळे, दात, आहार आणि वीण या साऱ्यांचा एकत्र विचार करता येतो, ही संधी दुसरीकडे क्वचितच मिळते.

हे ज्ञान जमायला किती काळ लागला याचीही नोंद नव्या वाचकाने घ्यावी. बारोम्बी म्बोच्या सिक्लिडांचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०३ चे, स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ आयनार लोनबर्ग यांचे. १९३० मध्ये आणखी काहींची भर पडली. पुंगूचे वर्णन १९६२ मध्ये झाले आणि अकरा प्रजातींची यादी पूर्ण झाली ती १९७२ मध्ये. शेवटच्या दोन टप्प्यांमागे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील विदुषी एथेलविन ट्रेवावस होत्या. १९०० मध्ये जन्मलेल्या ट्रेवावस यांनी आयुष्यभर सिक्लिड माशांचे वर्गीकरण केले. चिलापीच्या गोतावळ्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८३ मध्ये, म्हणजे वयाच्या ऐंशीनंतर आला. १९७२ च्या अभ्यासात सरोवरावर प्रत्यक्ष काम केलेले ग्रीन आणि कॉर्बेट हे त्यांचे सहलेखक होते.

या अभ्यासाचे आणखी एक मूळ सरोवराच्या काठावरच्या गावात आहे. पुंगू, मियाका, मोंगो, पिंडू, डिकुमे ही नावे बारोम्बी कोळ्यांची. संग्रहालयातील बाटल्यांत ठेवलेले नमुने पाहून ज्यांचे वेगळेपण ओळखणे कठीण गेले असते, ते मासे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे म्हणून माहीत होते. कोणता मासा कोणत्या ऋतूत काठाकडे येतो, कोणता खोल जाळ्यातच सापडतो, हे त्यांनी रोजच्या कामातून जाणले होते. ट्रेवावस यांनी ही नावे शास्त्रीय नावांत कायम केली हे त्यांच्या अभ्यासवृत्तीचे मोठेपण. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हा दंडक पाळावा: सरोवरावर पोहोचल्यावर पहिली चौकशी कोळ्यांकडे करावी, आणि त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीचे श्रेय त्यांना द्यावे.

आता ज्या प्रश्नाने बारोम्बी म्बोला जगाच्या नकाशावर आणले त्याकडे वळू. एका प्रजातीच्या दोन कशा होतात? विसाव्या शतकात याचे सर्वमान्य उत्तर अर्न्स्ट मायर यांनी दृढ केले होते. त्यांच्या मते आधी डोंगर, नदी, समुद्र असा एखादा अडसर एका समूहाचे दोन भाग करतो. दोन्ही भाग लाखो वर्षे वेगळे वाढतात. मग पुन्हा भेटले तरी त्यांची एकमेकांशी वीण होत नाही. अडसराविना, एकाच जागी राहून, एकमेकांना रोज भेटणाऱ्या जिवांतून दोन प्रजाती निघू शकतात, हे मायर यांना पटत नव्हते. त्यांची शंका रास्त होती. दोन गट वेगळे होऊ लागले तरी त्यांच्यात संकर चालू राहिला तर जमलेले फरक पुन्हा मिसळून जाणार. शिवाय आज एकत्र दिसणाऱ्या प्रजाती पूर्वीही एकत्रच होत्या, हे सिद्ध कसे करायचे? मोठ्या सरोवरात किंवा खंडावर ही शंका कधीच पुरती फिटत नाही; जुन्या काळी तिथे कुठेतरी अडसर असण्याची शक्यता नेहमी उरते.

बारोम्बी म्बोमध्ये मात्र ती जवळजवळ उरत नाही, कारण तिथे अडसराला जागाच नाही. १९९४ मध्ये उलरिश श्लिवेन, डिटहार्ड टाउट्झ आणि स्वांते पेबो यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात माशांच्या तंतुकणिकांतील डीएनए तपासून दाखवले की बारोम्बी म्बोच्या अकराही प्रजाती परस्परांच्या जितक्या जवळच्या आहेत तितक्या बाहेरच्या कोणत्याही नदीतील माशाच्या जवळच्या नाहीत. कॅमेरूनमधल्याच बर्मिन या आणखी लहान विवर-सरोवरातील नऊ प्रजातींबाबतही त्यांना हेच आढळले. याचा सरळ अर्थ असा निघत होता की नदीतून एकच पूर्वज आला आणि सरोवराच्या आत, अडसराविना, त्याची अनेक रूपे झाली. हेच पेबो पुढे प्राचीन मानवी डीएनएच्या अभ्यासासाठी २०२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांच्या १९९४ च्या निबंधानंतर बारोम्बी म्बोचे नाव उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

या विषयाची खरी गोडी यापुढच्या भागात आहे. तंतुकणिकांतील डीएनए फक्त आईकडून येतो. तो पूर्वजांच्या इतिहासाचा एकच धागा दाखवतो. पेशीकेंद्रातील डीएनए वाचण्याची सोय झाल्यावर चित्र बदलू लागले. २००४ मध्ये श्लिवेन यांनीच सहकाऱ्यासह दाखवले की सरोवरातील प्रजातींमध्ये आपापसांत संकर झाल्याच्या खुणा आहेत. २०१५ मध्ये ख्रिस्तोफर मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकसंचाच्या हजारो जागा तपासून सांगितले की सरोवरातील मासे आणि बाहेरच्या नद्यांतील मासे यांच्यात पहिल्या आगमनानंतरही जनुकांची देवाणघेवाण झाली होती. एकच पूर्वज आणि एकच आगमन ही कल्पना ढासळली. बाहेरून आलेली जनुकेच नव्या प्रजाती घडवायला कारणीभूत झाली असतील तर ‘एकाच जागी’ हा दावा कच्चा ठरतो.

तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, मार्टिन यांच्याच गटाने संपूर्ण जनुकसंच वाचून या शंकेची पुन्हा छाननी केली. बाहेरच्या जनुकांचा प्रवेश झाला होता हे कायम राहिले. परंतु प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या होण्यात त्या जनुकांचा निर्णायक वाटा होता याचा पुरावा तुटपुंजा निघाला. म्हणजे सरोवराच्या आतच प्रजाती घडल्या ही शक्यता पुन्हा बळावली, पण आधीपेक्षा अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात. या वादात कोणाचा जय आणि कोणाचा पराजय झाला हे मोजत बसू नये. ज्यांनी दावा केला त्यांनीच त्यातील त्रुटी शोधली, ज्यांनी शंका घेतली त्यांनीच शंकेची मर्यादा दाखवली. चांगल्या शास्त्राचा व्यवहार असाच असतो, आणि तो इथे इतका स्वच्छ दिसतो कारण सरोवर लहान आहे: प्रत्येक प्रजाती नावानिशी माहीत आहे, आसपासच्या प्रत्येक नदीतून नमुने आणता येतात, आणि एखादे उत्तर चुकले तर ते कुठे चुकले हे दाखवता येते.

बारोम्बी म्बो एकटे नाही. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात आपोयो हे विवर-सरोवर आहे. वय पंचवीस हजार वर्षांहूनही कमी. तिथल्या अॅम्फिलोफस झालिओसस या बाणासारख्या सडपातळ सिक्लिडावर २००६ मध्ये ‘नेचर’मध्येच निबंध आला आणि अडसराविना प्रजाती घडल्याचे ते दुसरे महत्त्वाचे उदाहरण ठरले. टांझानियातील मासोको हे विवर-सरोवर तर जेमतेम सातशे मीटर व्यासाचे. तिथे काठाशी आणि खोलात राहणारी सिक्लिडांची दोन रूपे एकमेकांपासून अलग होण्याच्या वाटेवर आहेत, असे २०१५ च्या एका अभ्यासातून पुढे आले. ही तिन्ही सरोवरे शेजारी शेजारी ठेवून वाचली तर एकच प्रक्रिया तीन निरनिराळ्या टप्प्यांवर पाहता येते: मासोकोत तिचा आरंभ, आपोयोत तिची ताजी निष्पत्ती, बारोम्बी म्बोमध्ये तिचे भरलेले रूप. अभ्यासकाला हवा असलेला तौलनिक क्रम निसर्गाने इथे स्वतःच लावून ठेवला आहे.

आणि हाच क्रम आज धोक्यात आहे. आपोयोत १९९० च्या दशकात पिंजऱ्यांत पाळलेली चिलापी निसटून सरोवरात पसरली. मूळच्या माशांची वीण ज्या पाणवनस्पतींच्या आश्रयाने होत होती त्यांचे तळावरचे गालिचे थोड्या वर्षांत नाहीसे झाले. त्या बाणासारख्या माशाची गणना आज अतिसंकटग्रस्तांत होते. व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर. एवढ्या अफाट पाण्यातसुद्धा विसाव्या शतकाच्या मध्यात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने, अतिमासेमारीने आणि पाणी गढूळ होण्याने मिळून शेकडो सिक्लिड प्रजातींचा ऱ्हास घडवला. पाणी गढूळ झाल्याने माद्यांना आपल्याच प्रजातीचे नर रंगावरून ओळखता येईनात आणि वेगळ्या प्रजाती एकमेकींत मिसळू लागल्या, हे १९९७ मध्ये दाखवले गेले. व्हिक्टोरियाची ही गत झाली, तर चार चौरस किलोमीटरच्या बारोम्बी म्बोला चुकीला वाव किती थोडा आहे हे वेगळे सांगायला नको.

बारोम्बी म्बोवरचे धोके एका वाक्यात मावतील इतके साधे आहेत, आणि म्हणूनच ते गंभीर आहेत. कड्यावरचे रान तोडून शेती झाली की पावसाबरोबर माती सरोवरात येते आणि दगडांवर, शेवाळावर, स्पंजावर तिचा थर बसतो. कुंबा शहराची तहान या सरोवरातून भागवली जाते. शहर वाढते तसा उपसा वाढतो. शेतातील रसायने आणि वस्तीचे सांडपाणी यांची भर आहेच. पुंगूचे उदाहरण घेऊ. त्याच्या आहारातील स्पंजाची प्रजाती बहुधा याच सरोवरापुरती आहे. गाळाने स्पंज गुदमरला तर पुंगूला कोणी जाळ्यात पकडले नाही तरी तो संपू शकतो. आणखी एका धोक्याची चर्चा होते: कॅमेरूनमध्येच २१ ऑगस्ट १९८६ रोजी न्योस या विवर-सरोवराच्या तळातून कार्बन डायऑक्साइड उसळून सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली होती. बारोम्बी म्बोच्या तळाशी असा घातक वायूसाठा नसल्याचे अभ्यासांतून दिसले आहे, ही दिलाशाची गोष्ट आहे. इथला खरा धोका कड्यावरून ओघळणाऱ्या मातीचा आणि उपशाचा आहे, आणि तो माणसाच्या हातात आहे.

या ठिकाणी माणसाला माशाचा शत्रू ठरवण्याची घाई करू नये. सरोवराच्या तळाच्या गाळात गेल्या तीस हजार वर्षांच्या आसपासचे परागकण आणि वनस्पतींचे अवशेष थरावर थर साठलेले आहेत. त्यांवरून सुमारे २,६०० वर्षांपूर्वी इथल्या घनदाट वनाचा मोठा भाग हटून गवताळ जागा झाल्याचे कळते. तो बदल हवामानामुळे झाला की शेती आणि लोखंडकाम करणाऱ्या माणसांमुळे, याची चर्चा झाली, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने माणसांच्या बाजूने कौल दिला. काही शतकांनी रान पुन्हा वाढले. या साऱ्या काळात मासे टिकले. म्हणजे माणसाचा वावर आणि माशांचे अस्तित्व यांत मूलतः वैर नाही. आज बदलला आहे तो वेग आणि भार. सरोवराभोवतीच्या वनाला १९४० मध्ये राखीव दर्जा मिळाला, २००६ मध्ये सरोवराचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींत झाला. कागदावरचे हे संरक्षण प्रत्यक्षात उतरायचे तर काठावर राहणाऱ्यांची उपजीविका आणि शहराचे पाणी या दोन्ही गरजांचा विचार त्याच आराखड्यात करावा लागेल. कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक भागात २०१६-१७ पासून चिघळलेल्या संघर्षामुळे तिथे राहणाऱ्यांचे आयुष्य खडतर झाले आहे, आणि सरोवरावर जाऊन काम करणेही. स्थानिक अभ्यासकांना बळ देणे ही म्हणूनच या क्षेत्राची तातडीची गरज आहे.

मत्स्यालयांत या माशांची पैदास करून त्यांना वाचवता येईल का, हा प्रश्न नवखा वाचक हमखास विचारतो. काही प्रजातींची पैदास हौशी मत्स्यपालकांनी यशस्वीपणे केली आहे, आणि ते काम मोलाचे आहे: त्यातून वीण, वाढ, वर्तन यांची माहिती मिळते आणि अगदीच अनर्थ ओढवला तर वंश तरी राहतो. पण काचेच्या टाकीत डिकुमेला बुडी मारायला प्राणवायूविरहित खोली नसते आणि पुंगूला खरवडायला त्याचा स्पंज नसतो. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला मासा नावाने पुंगू राहील; सरोवराने त्याला जे घडवले ते हळूहळू विरत जाईल. ज्या प्रजातीची घडण एका जागेने केली तिचे संवर्धन म्हणजे त्या जागेचे संवर्धन. या विषयातला हा सर्वांत पक्का निष्कर्ष आहे.

या क्षेत्रात शिरायला दारे पुष्कळ आहेत. ज्याला आकारांची नजर आहे त्याने वर्गीकरणाकडे यावे. दात, खवले, कल्ल्यांची हाडे मोजण्याचे काम जुने झालेले नाही. ज्याला संगणकाची आवड आहे त्याच्यासाठी जनुकसंचांचा अफाट साठा खुला आहे. पाण्याचे तापमान, प्राणवायू, गढूळपणा यांच्या सलग नोंदी ठेवणाऱ्यांची तर सगळीकडेच वानवा आहे, आणि अशा नोंदींशिवाय ऱ्हास वेळीच ओळखता येत नाही. कोळ्यांच्या ज्ञानाचे संकलन करायला भाषाशास्त्र आणि मानवशास्त्र जाणणारी माणसे हवीत. प्रश्नही भरपूर शिल्लक आहेत. अकरा प्रजाती नेमक्या कोणत्या क्रमाने वेगळ्या झाल्या? रंग, वास, खोली, खाणे यांपैकी पहिली फट कशाने पडली? मासोकोतल्या दोन रूपांच्या वाटा पक्क्या होतील की पुन्हा एक होतील?

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. पश्चिम घाटाच्या ओढ्यानद्यांत अशा कितीतरी प्रजाती आहेत ज्यांचा मुलूख एखाद्या खोऱ्यापुरता किंवा त्याच्याही एका भागापुरता आहे. बांध, वाळूउपसा, परके मासे आणि सांडपाणी यांचा त्यांच्यावर होणारा परिणाम बारोम्बी म्बोच्या धोक्यांशी मिळताजुळता आहे. तिथे वापरलेली पद्धत इथेही लागू पडते: जागेची हद्द आखायची, तिथले सगळे मासे नावानिशी ओळखायचे, कोळ्यांशी बोलायचे, पाण्याच्या नोंदी ठेवायच्या, आणि परका मासा सोडण्यापूर्वी दहादा विचार करायचा. चिलापी आपल्या बाजारात स्वस्त प्रथिन देते हे खरे. पण ज्या ओढ्यात ती अजून पोहोचलेली नाही तिथे ती पोहोचू न देणे, हे आपोयोने शिकवलेले शहाणपण आपण फुकट मिळवू शकतो.

या अभ्यासात येणाऱ्यांचे मनापासून स्वागत आहे. इथे एक संपूर्ण जग माणसाच्या आवाक्यात येते; एका अभ्यासकाला आपल्या आयुष्यात त्याच्या सगळ्या प्रजाती, सगळे काठ आणि सगळे थर ओळखता येतात. अशी ओळख झालेला माणूस त्या जागेबद्दल तटस्थ राहू शकत नाही, आणि राहूही नये. बारोम्बी म्बोसाठी आज जे करायला हवे ते अवाढव्य नाही: कड्यावरचे रान राखणे, उपशाला मर्यादा घालणे, परका मासा येऊ न देणे, काठावरच्या गावाला निर्णयात वाटा देणे. चार चौरस किलोमीटरचे पाणी वाचवणे माणसाला नक्की शक्य आहे, आणि ते वाचले तर अकराही प्रजाती वाचतील.